आतल्या पाण्यात बोलायचं नाही

चष्मेवाल्यांना पक्ष्यांतलं ओ की ठो कळत नव्हतं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कावळा, चिमणी, कबूतर इथवर त्यांची गाडी जायची आणि कबुतराशी थांबायची, कारण दुकानाच्या पाटीवर कबुतरं बसत आणि रोज सकाळी ती पाटी पुसावी लागे. असा हा माणूस गेले पाच रविवार पहाटे उठून, दोन बस बदलून, पाणथळ बघायला जात होता. गळ्यात दुर्बीण, डोक्यावर टोपी, खांद्याला पिशवी. गल्लीतले लोक म्हणायला लागले, चष्मेवाल्यांना उतारवयात भलताच छंद लागला. लोकांचं काय जातंय म्हणायला!

छंद कसला डोंबलाचा. त्यांची लेक तिथे होती.

लेक म्हणजे एकुलती एक. दुकान कोपऱ्यावरचं, लहानसं. पुढे चौकटींचं काचेचं कपाट, मग पडदा, पडद्याआड अंधारी खोली. तिथे गिऱ्हाईकाला खुर्चीत बसवायचं आणि समोरचा तक्ता वाचायला लावायचा. त्याच्याही मागे काचा घासायचं यंत्र, आणि त्या यंत्रापाशी शाळेत असल्यापासून ही पोरगी. काच घासून चौकटीत बसवावी तर तिनंच. बापापेक्षा लेकीचा हात हलका, असं गिऱ्हाइकं तोंडावर सांगायची. चष्मेवाले वरवर कपाळाला आठ्या घालायचे आणि आतून असे फुगायचे की सांगता सोय नाही. पाटीवर ‘आणि कन्या’ एवढी भर घालायचंही ठरलं होतं. रंगारी येऊन माप घेऊन गेला होता.

आणि एका हिवाळ्यात ही बया मैत्रिणींबरोबर चार दिवस पक्षी मोजायला गेली. पक्षी मोजायला! ते काय जागेवर बसतात? चार दिवसांचे आठ झाले. परत आली ती गप्प गप्प. महिन्याभरानं यंत्रावर काच धरल्या धरल्या म्हणाली, “बाबा, मी तिकडे राहायला जाते. तिथल्या लोकांनी ते पाणी स्वतः सांभाळायला घेतलंय. त्यांना माणसं हवीत.”

चष्मेवाले आधी हसले. मग तिचा चेहरा बघून त्यांचं हसू मावळलं. मग ते समजावत बसले, मग आवाज चढला, आणि शेवटी म्हणाले, “जा. पण गेलीस तर परत तोंड दाखवू नकोस.” यंत्र चालू होतं, म्हणून ओरडून म्हणाले. यंत्र बंद असतं तर कदाचित इतक्या मोठ्यानं म्हणाले नसते, आणि मोठ्यानं म्हणाले नसते तर पुढच्या गोष्टी वेगळ्या झाल्या असत्या, असं त्यांना पुढे पुष्कळ वेळा वाटलं. पण म्हणाले खरे.

दुसऱ्या कुणाची पोर असती तर चार दिवस रुसली असती आणि पाचव्या दिवशी आली असती. ही चष्मेवाल्यांचीच लेक. बापानं सांगितलं ना, तोंड दाखवू नकोस? नाही दाखवलं. सात वर्षं नाही दाखवलं.

आईला मात्र फोन करायची, चष्मेवाले दुकानात असताना. आणि आई ती बातमी घरात भिंतीला सांगायची. “ताप उतरला म्हणे,” भांडी लावता लावता ती भिंतीकडे बघून म्हणायची.

“कुणाचा?” चष्मेवाले वर्तमानपत्रातून विचारायचे.

“भिंतीचा.”

यावर ते पान उलटायचे. पण कान टवकारलेले असायचे, आणि बायकोला ते पक्कं ठाऊक असायचं. सात वर्षं त्या घरातल्या भिंतीला सर्दी झाली, पाय मुरगळला, नवीन खोली मिळाली. एकदा ती चिखलात रुतून तीन तास अडकलीसुद्धा. त्या दिवशी चष्मेवाल्यांनी दोन गिऱ्हाइकांचे नंबर उलटे लिहिले.

या वर्षी बायकोनं एक पत्रक आणून त्यांच्या चहाच्या कपाखाली ठेवलं. ‘रविवारी होडीतून पाणथळ पाहा’, असं काहीतरी. “कुणी दिलं?” “दिलं कुणीतरी रस्त्यात.” “मला काय करायचंय?” “मी कुठे म्हटलं काही करा म्हणून? कप ठेवायला बरं पडतं.” आणि पुढच्या रविवारी चष्मेवाले काचांची ऑर्डर बघायला म्हणून जे बाहेर पडले, ते थेट तिकडे.

मनात एकच होतं. तोंडातून गेलेला तो शब्द परत घ्यायचा. वाक्यही घोटून ठेवलं होतं: “बाळ, मी त्या दिवशी नको ते बोललो. घरी ये.” बसमध्ये खिडकीकडे तोंड करून त्यांनी ते पंचवीस वेळा म्हटलं असेल. शेजारच्या बाईनं उठून जागा बदलली.

पण तिथे पोचल्यावर बघतात तर काय! धक्क्यावर दहा-बारा अरुंद होड्या आणि होडीवाले सगळे सारखे. डासांमुळे आणि उन्हामुळे नाकातोंडावरून कापड घट्ट गुंडाळलेलं, डोक्यावर टोपी, उघडे फक्त डोळे. यात आपली कोण? तेवढ्यात एक होडी वेतांच्या आड शिरताना दिसली. मागच्या फळीवर गुडघे टेकून कुणीतरी वल्हवत होतं आणि वल्हं उचलताना डावं कोपर अंगाशी दाबत होतं. यंत्रावर काच धरायची अशीच सवय. हाक मारायला त्यांनी तोंड उघडलं, आणि घशातून हवा तेवढी बाहेर आली. होडी गेली.

“काका, पहिल्यांदा आलात वाटतं,” मागून आवाज आला. ही मुकादमबाई. साठीची, आडव्या बांध्याची. सगळ्या होड्यांच्या पाळ्या तिच्या हातात. “ऐकून घ्या. हे पाणी इथल्या चाळीस घरांचं. आम्ही पाळीनं नेतो. अमकाच हवा, तमकीच हवी, असले लाड इथे चालत नाहीत. तुम्ही पुढे तोंड करून बसायचं. मागे वळायचं नाही, होडी उलटते. काही दिसलं की मागचा माणूस खांद्यावर बोटं वाजवेल. उजव्या खांद्यावर वाजवली तर उजवीकडे बघा, डाव्या तर डावीकडे. पाठीवर अख्खा पंजा ठेवला तर हलायचं नाही. तुम्हाला दिसलं की हात वर करा. आणि आतल्या पाण्यात बोलायचं नाही.”

“हळू आवाजातही?”

“काका, अकरा वर्षं इथे पाणी होतं आणि पक्षी एक नव्हता. लोक बंदुका घेऊन यायचे, गाणी लावून यायचे. आम्ही सगळ्यांनी तोंडं बंद केली तेव्हा ते परत आले. आतल्या पाण्यात पाहुणा बोलला तर वर्षभर त्याला बंदी. आणि आमचा माणूस बोलला तर त्याची पाळी वर्षभर बंद, तो घरी. मी बोलले तर मीसुद्धा घरी.”

चष्मेवाल्यांनी मान डोलावली. नाव सांगताना मेहुण्याचं सांगितलं.

पहिल्या रविवारी त्यांच्या नशिबी आला एक निवृत्त मास्तर. दुसऱ्या रविवारी खोकला दाबून दाबून लालबुंद होणारा एक गृहस्थ. तिसऱ्या रविवारी खुद्द मुकादमबाई, आणि तिनं खांद्यावर बोटं अशी वाजवली की सोमवारी हात वर होईना. परत आल्यावर काय काय पाहिलं ते सांगायची तिथली रीत. चष्मेवाल्यांनी पत्रकातलं एक भारदस्त नाव ठोकून दिलं. मुकादमबाई म्हणाली, “असं? तो तर उन्हाळ्यात येतो. तुमच्यासाठी खास आला असेल.” सगळा धक्का हसला. तेव्हापासून त्यांचं नाव पडलं रविवारकाका.

लेक दिसायची. नाही असं नाही. कधी दूर वेतांच्या रेघेपलीकडे, कधी ते धक्क्यावर पोचताना तिची होडी सुटलेली, कधी नुसती टोपी. दर खेपेला हे येत आणि तिच्या होडीची पाळी नुकतीच होऊन गेलेली असे. काय योगायोग, असं त्यांना वाटायचं. भोळा माणूस! परतीच्या बसमध्ये ते घोटलेलं वाक्य तसंच्या तसं पोटात घेऊन बसायचे, आणि घरी बायको विचारायची, “मिळाली का ऑर्डर?” “नाही. पुढच्या रविवारी बघू.” पाचव्या खेपेला तिनं त्यांच्या पिशवीत जाड लोकरी मफलर कोंबला. “तिकडे वारा फार असतो म्हणे,” ती भिंतीला म्हणाली. “काचांना बाधतो.”

सहाव्या रविवारी मुकादमबाईनं वहीत बघितलं, एकदा चष्मेवाल्यांकडे बघितलं आणि हाक मारली. होड्यांमधून एकजण वल्हं घेऊन पुढे आली. नाकातोंडावर कापड, डोक्यावर टोपी. डावं कोपर अंगाशी दाबलेलं.

“पुढे बसा,” ती म्हणाली. “मागे वळू नका, होडी उलटते.”

आवाज तोच. जरा जाड झालेला, पण तोच. तिनं ओळखलं होतं की नव्हतं? ‘बसा’ म्हणाली खरी, पण ती घरातसुद्धा बापाला अहोजाहोच करायची, त्यामुळे त्यातून काही कळायला वाव नव्हता. होडीत बसताना चष्मेवाल्यांनी एक पाय पाण्यात बुडवला, आणि मागून एक हात येऊन त्यांच्या दंडाला आधार देऊन गेला. बोलायचं तर आताच बोलायला हवं होतं, बाहेरच्या पाण्यात बोलायला कुणाची ना नव्हती. पण आजूबाजूला चार होड्या होत्या, कुणीतरी हसत होतं, मुकादमबाई कमरेवर हात ठेवून उभी होती. त्यांनी मनाशी ठरवलं, त्या वळणापुढे गेलो की बोलू. वळण आलं, वेत दोन्ही बाजूंनी उंच झाले, आणि मागून वल्ह्याची मूठ होडीच्या काठावर दोनदा वाजली. आतलं पाणी लागलं होतं.

आतलं पाणी म्हणजे एक मोठं, उथळ, शांत तळं. धुकं अजून अंगावर घेऊन पडलेलं. पलीकडच्या काठापाशी बदकं होती, आणि ती इतकी होती की आधी चष्मेवाल्यांना तो चिखलच वाटला. चिखल हळूहळू हलत होता, कुजबुजत होता. मागे वल्हं पाण्यात जाताना आवाज होत नव्हता. किती तयार झाली आहे पोर, त्यांच्या मनात आलं, आणि लगेच दुसरं आलं, की हे मला न दाखवता तयार झाली.

उजव्या खांद्यावर दोन बोटं वाजली.

चष्मेवाल्यांनी डोळे मिटून घेतले. सात वर्षांत लेकीचा हात अंगाला लागला नव्हता. तिकडे काय होतं ते बघायचं सोडून ते नुसते बसून राहिले. त्यांना वाटलं, आणखी एकदा वाजवावीत तिनं. वाजवली. मग त्यांनी बघितलं. वेताची एक काडी हलत होती, खाली पाण्यात गोल वर्तुळं पसरत होती. खंड्या होता, पाच रविवारांत एवढा तरी त्यांना ओळखू यायला लागला होता, पण तो सूर मारून कधीच गेला होता. त्यांनी तरी हात वर केला.

थोडं पुढे गेल्यावर डाव्या खांद्यावर बोटं वाजली. लांब पाण्यात एक राखी बगळा मान आखडून उभा. चष्मेवाल्यांनी नीट बघितलं. बगळा कसला, खांबाला अडकलेलं फाटकं पोतं ते! वारा आला तसं ते फडफडलंसुद्धा. त्यांनी पुन्हा हात वर केला, आणि वर केलेला हात खाली घेता घेता त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

हिला लांबचं दिसत नाहीये.

चाळीस वर्षांचा धंदा. गिऱ्हाईक पायरी चढताना त्यांना नंबर कळायचा. आणि हे तर घरचं गिऱ्हाईक. नऊ वर्षांची होती तेव्हा पहिला चष्मा लागला, तो त्यांनी स्वतः केला होता. दर वर्षी शाळा सुरू व्हायच्या आधी तिला खुर्चीत बसवायचे, दर वर्षी नंबर थोडा सरकायचा आणि दर वर्षी नवी काच. धक्क्यावर तिच्या डोळ्यांवर चष्मा नव्हता. मघाशी ते डोळे बघून त्यांचं काळीज इतकं हललं होतं की एवढी मोठी गोष्ट त्यांच्या लक्षातच आली नव्हती. खंड्या तिनं पाहिला नव्हता, त्याचा सूर ऐकला होता. आणि बगळा रोज तिथे उभा असतो म्हणून तो आजही असणार, असं धरून चालली होती.

म्हणजे पोरगी अंदाजानं होडी हाकत होती. अंदाजानं, या चिखलातून, या खांबांमधून. आणि हे इथल्या कुणालाही ठाऊक नसणार. दिसत नाही म्हटल्यावर पाळी कोण देईल? सात वर्षांत सात वेळा खुर्चीत बसवायला हवं होतं हिला. आपण नव्हतो. आपण दुकानात बसून परक्या लोकांची पोरं तपासत होतो.

एवढ्यात पाठीवर अख्खा पंजा टेकला. होडी थांबली.

उजव्या खांद्यावर बोटं वाजली. उजवीकडे काठावर एक काळा, ओला ओंडका पडला होता. आणि डावीकडे, होडीपासून वीस हातांवर, दगडावर एक पाणमांजर बसलं होतं. खरंखुरं. दोन्ही पंजांत मासा धरून, डोक्याकडून कुरुम कुरुम खात. मिशांना पाण्याचे थेंब, अंग तेल लावल्यासारखं चकचकीत. या जनावरासाठी लोक वर्षानुवर्षं खेपा घालतात. मास्तर सांगत होता, त्याला स्वतःला चार वर्षांत दोनदाच दिसलं. त्या पोरीनं याच दिवसांत याच जागी ते असतं हे बरोबर हेरलं होतं. फक्त ते कुठल्या बाजूला बसलंय, तेवढं तिला दिसत नव्हतं. ती बापाला हौसेनं ओंडका दाखवत होती.

चष्मेवाल्यांनी ओंडक्याकडे तोंड करून हात वर केला. आनंदानं दोनदा हलवलासुद्धा.

पाणमांजरानं मासा संपवला, तोंड पुसलं आणि ते पाण्यात उतरून नाहीसं झालं. आता पंजा उचलायला हवा होता. पण पाठीवरचा पंजा काही हलला नाही. तो तिथेच राहिला. कोटातून, सदऱ्यातून त्याची ऊब आत आत येत गेली, आणि चष्मेवाल्यांना कळलं, की हिनं ओळखलं आहे. पहिल्या दिवसापासून ओळखलं आहे. नियम गेला खड्ड्यात. घोटून घोटून गुळगुळीत केलेलं वाक्य जिभेच्या टोकावर आलं. त्यांनी तोंड उघडलं, आणि तोंडातून निघालं ते हे:

“नंबर वाढलाय तुझा.”

बदकं उठली. एक उठलं आणि मग सगळंच उठलं. पलीकडचा अख्खा काठ वर आला, पाणी सळसळलं, आभाळ काळं झालं, पंखांचा असा गदारोळ की होडी थरथरली. चष्मेवाले डोकं दोन्ही हातांत धरून बसले. वर्षभराचे रविवार तीन शब्दांत घालवले होते, आणि तेही कोणते शब्द!

त्या गदारोळात मागून आवाज आला. “माहीत आहे.”

आणि होडी धक्क्याकडे वळली.

मुकादमबाई पाण्यात गुडघाभर उतरून वाट बघत होती. बदकांचं ते आभाळ सगळ्यांनी बघितलं होतं. “कोण बोललं?” तिनं विचारलं.

“मी,” चष्मेवाले म्हणाले.

“मी,” लेक म्हणाली.

“एकाच वेळी?”

“आधी मी,” चष्मेवाले म्हणाले. “तिचा काही दोष नाही. तिची पाळी बंद करू नका.”

“मी उत्तर दिलं,” लेक म्हणाली. “दिलं नसतं तरी चाललं असतं. दिलं.”

“असं काय बोललात म्हणते मी, की दोन हजार बदकं उठवावीशी वाटली?”

“हिचा नंबर वाढलाय,” चष्मेवाले म्हणाले.

मुकादमबाईनं वही उघडली. “नंबर कसा वाढेल? आज पाचवा नंबर होता हिचा, पाचव्याच नंबरला गेली.”

“पाळीचा नव्हे हो. डोळ्यांचा. लांबचं दिसत नाहीये तिला.”

वही मिटली. मुकादमबाईनं लेकीकडे बघितलं, लेकीनं पाण्याकडे. “आणि हे तुम्हाला कसं कळलं?”

“मी चष्मेवाला आहे.” ते थांबले. टोपी काढून हातात घेतली. “आणि हिचा बाप आहे.”

मुकादमबाईनं एकदा बापाकडे बघितलं, एकदा लेकीकडे. मग लेकीवर उसळली, “म्हणून होय गं? पाच रविवार या माणसाची बस आली की माझ्या मागे लागायचीस, पाळी बदलून द्या, आत्ताच्या आत्ता सोडा. आणि आज सकाळी येऊन म्हणे, यांना मीच नेते. मी म्हटलं ही भानगड काय आहे!” मग चष्मेवाल्यांकडे वळली. “आणि तुम्ही हो काका? काय मूग गिळून बसला होतात? पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर...” तिनं हात झटकला. “जाऊ दे. नियम तो नियम. तुम्ही वर्षभर इथे पाऊल टाकायचं नाही. आणि तू वल्ह्याला हात लावायचा नाहीस. अशा डोळ्यांनी तर मुळीच नाही. दोघंही घरी.”

आणि ती पाणी तुडवत दुसऱ्या होडीकडे निघून गेली.

धक्क्यावर दोघंच उरली. लेक पाठमोरी उभी राहून वल्हं पुसत होती. पुसून झालेलं वल्हं ती पुन्हा पुसायला लागली.

“चष्मा कुठे गेला?” चष्मेवाल्यांनी विचारलं.

“दोन वर्षांपूर्वी पाण्यात पडला.”

“मग नवा करायचा होता. गावोगाव दुकानं आहेत.”

“गेले होते एकदा. पायरीपर्यंत.” वल्हं थांबलं. “दुसऱ्याच्या खुर्चीत बसवेना.”

चष्मेवाल्यांनी घोटलेलं वाक्य शोधलं, तर ते सापडेना. “मी तुला त्या दिवशी,” त्यांनी सुरुवात केली, “यंत्र चालू होतं, आणि मी... मी मूर्खासारखं बोललो गं. दुसऱ्याच दिवशी कळलं होतं मला. सात वर्षं कळत होतं. तुझ्यावाचून त्या दुकानात मला करमत नाही, घरात करमत नाही. तुझी आई भिंतीशी बोलते.”

“तोंड दाखवू नकोस म्हणाला होतात,” ती तशीच पाठमोरी म्हणाली. आवाजात राग नव्हता. तो असता तर परवडला असता.

“म्हणालो होतो.”

“मग कसं दाखवू?”

आता घ्या! पोर कुणावर गेली आहे हे सांगायला नको. चष्मेवाले टोपी हातात फिरवत उभे राहिले. शब्द मागे घेतो म्हणावं, तर सात वर्षांनी घेतलेल्या शब्दाला काय किंमत? आणि एकाएकी त्यांच्यातला दुकानदार मदतीला आला.

“बरं,” ते म्हणाले. “तोंड नको दाखवूस. डोळे दाखवू नकोस असं तर मी कधी म्हणालो नव्हतो ना? डोळे दाखव.”

तिचे खांदे हलले. हसली की काय झालं ते मागून कळेना. मग ती वळली. कापडाच्या वर दोन डोळे, लाल झालेले, बारीक करून बघणारे, नऊ वर्षांची होती तेव्हा फळ्याकडे बघायची तसे. चष्मेवाले जवळ गेले. तक्ता नव्हता, पण धंद्यात चाळीस वर्षं काढलेल्या माणसाचं तक्त्यावाचून अडत नाही. होड्यांच्या शेडच्या भिंतीवर येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी मजकूर रंगवला होता. रंगवणाऱ्यानं वरची ओळ ऐसपैस घेतली होती, मग जागा संपत आली तशी अक्षरं ओळीगणिक बारीक केली होती. याहून बरा तक्ता कुठे मिळायचा?

“समोर बघ,” चष्मेवाले म्हणाले आणि त्यांनी तिच्या डाव्या डोळ्यावर आपला तळवा धरला. तसं करताना कापड सरकलं आणि गळ्यात आलं. त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर पुढचं काही जमलं नसतं. तिनंही कापड वर घेतलं नाही. “वाच. वरून.”

“हे पाणी सगळ्यांचं आहे,” ती वाचायला लागली.

“छान. पुढे.”

“येताना... येताना सावकाश या.”

“घाई नको. डोळा बारीक करायचा नाही, मी बघतोय. त्याखाली?”

तळव्याखालचा डोळा फडफडला, आणि चष्मेवाल्यांचा तळवा ओला झाला. त्यांनी तो काढला नाही.

“पुढे वाच,” ते म्हणाले.

“पुढचं दिसत नाही, बाबा.”